बळवंताचा बांध

२३ जुलै १९८४

बळवंताला सोडणार नाही. तोंडावर काका म्हणावं लागतं, इथे म्हणणार नाही!

आज सरकारी साहेब मनोरीला येणार म्हणून रजा टाकून थांबलो होतो. खाडीचा बाहेरचा बांध पक्का करून द्यायची योजना आहे, नव्या उघाडीसकट, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारासकट. जुनी उघाडी नावालाच. तिची झडप भरतीला आपोआप मिटायला हवी, पण बळवंत तिच्यात दांडका अडकवतो. भरतीबरोबर कोळंबी आत येते ना! कोळंबी धरायचा हक्क देवळाच्या लिलावात त्यानं घेतलाय. कोळंबी त्याला, खारं पाणी आमच्या शेताला. तीन पावसाळे भात नाही.

बाबांनी साहेबांना शेत दाखवलं. साहेब म्हणाले, "पण पीक कुठे आहे? पिकाचं नुकसान दिसलं तर बांध मंजूर होतो." बाबा सांगायला लागले, रोप जळतं म्हणून लावत नाही. तेवढ्यात बळवंत पुढे झाला — "कसलं पीक साहेब! हा काशीराम शेती करतोय कुठे? पडीक आहे ती." वर हसला. साहेबांनी 'पडीक' लिहून घेतलं आणि त्याच्याच घरी जेवायला गेले. तळलेल्या पापलेटचा वास आमच्या ओटीवर येत होता.

ऐन वेळी माझी जीभ का अडकते?

२४ जुलै

चारकोपच्या कारखान्यात कामात चित्त नव्हतं. खोक्यांवर लेबलं उलटी लावली. माझ्या हातून असं कधी होत नाही. श्यामकांत सुपरवायझर म्हणाला, "काय रे अनंता, लग्नबिग्न ठरलं काय?" सगळे हसले. माझ्या डोक्यात एकच शब्द — पडीक.

५ ऑगस्ट

अंधेरीचा शेठ पुन्हा आला होता. त्याला आमच्या शेतावर बंगला बांधायचाय, सुट्टीला येऊन राहायला. दर वेळी बाबा सरळ नाही म्हणायचे. आज म्हणाले नाहीत. चहा पाजला.

तो गेल्यावर आई कडाडली, "विकून काय खाणार? बंगल्याच्या भिंती?"

बाबा म्हणाले, "बांध झाला तर ठेवू. नाही तर दिवाळीनंतर देऊन टाकू. खारट माती किती दिवस सांभाळायची?"

ते शेत गेलं तर बाबा काय करतील? दुसरं काही त्यांना येत नाही.

१२ ऑगस्ट

बळवंताचं शेत आमच्या मागे, चढावर. मध्ये त्यानं स्वतःचा मातीचा आतला बांध घातलाय, म्हणून त्याचं भात हिरवंगार. सरूकाकू निंदणी करत होती. मला बघून हाक मारली, "अनंता, ये रे, चहा आणलाय." गेलो नाही. मग वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचाच राग आला. नवरा शेत जाळणार आणि बायको चहा पाजणार!

१९ ऑगस्ट

धीर केला. धक्क्यावर गाठून म्हटलं, "काका, उघाडीचा दांडका काढा ना." सगळ्यांसमोर म्हणाला, "लिलाव देवाचा आहे, अनंत्या. देवाला सांग जा!" होडीतली माणसंसुद्धा हसली.

ठीक आहे. आतला बांध मातीचा आहे. कुदळीचं काम आहे. बघू मग कोणाचं शेत पडीक!

३० ऑगस्ट

गणपती बसले. आरतीला बळवंत माझ्या शेजारी उभा, टाळ वाजवत, डोळे मिटून. मीही डोळे मिटले. देवा, मला क्षमा नको. उधाण दे.

९ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

केलं!

विसर्जनाला सगळं गाव किनाऱ्यावर होतं. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिलो. ओहोटी होती, खाडीकडे चिटपाखरू नव्हतं. इकडे कुदळ, तिकडे ढोल. पाऊस पिऊन माती लोण्यासारखी झाली होती. वाटलं होतं भीती वाटेल. नाही वाटली. प्रत्येक घावाला 'पडीक' म्हणत होतो. खिंड पाडली आणि कडा पायानं घासून टाकल्या, पाण्यानं फुटल्यासारख्या दिसाव्यात म्हणून. उद्या पुनव. रात्रीची भरती मोठी येणार.

१० सप्टेंबर

लोंब्या बाहेर पडत होत्या त्याच्या भाताला. बुडाल्या. खारं पाणी बांधापासून पार वरच्या आंब्यापर्यंत. सगळे म्हणतात, उधाणानं फुटला.

बळवंत खिंडीपाशी उभा राहून नुसता बघत होता. सरूकाकू मात्र खाली बसून रडली.

बरं वाटलं. कुदळ मात्र दोनदा धुतली.

१६ सप्टेंबर

त्याचं भात पिवळं पडलं. आता आमच्यासारखंच दिसतं. सरूकाकूला टाळतो.

२४ सप्टेंबर

कामावरून आलो तर बाबा हसत होते! किती दिवसांनी! मला काही कळेना.

बळवंतानं स्वतः कचेरीत जाऊन साहेबांना आणलं. साहेबांनी उभं पीक मेलेलं डोळ्यांनी पाहिलं, पंचनामा केला. म्हणाले, आता कोणी अडवू शकत नाही, बाहेरचा बांध मंजूर होणार. उघाडी लोखंडी बसणार. कोळंबीचा लिलाव कायमचा बंद करायची अट घातली, तर बळवंत लगेच हो म्हणाला, म्हणे.

बाहेरचा बांध झाला की आमचं शेतही त्याच्या आत! दोन-तीन पावसाळ्यांत माती गोडी होईल. बाबांनी शेठला निरोपही धाडला — शेत विकायचं नाही.

आणि बळवंताला वर नुकसानभरपाई. गावभर त्याचंच नाव. आई म्हणाली, "देवमाणूस निघाला रे. स्वतःचं पीक गेलं, तरी सगळ्यांसाठी धावला."

जेवण गेलं नाही.

२५ सप्टेंबर

बाबा मला त्याच्या घरी घेऊन गेले. म्हणाले, "काकांच्या पाया पड. शेत राहिलं ते त्यांच्यामुळे." पडलो. त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि खाली वाकून कानात म्हणाला, "नेमका मधोमध फोडलास रे. कोळंबी आटत चाललीय, भरपाईचं दोन वर्षं मनात होतं; पण उभं पीक बुडवायची माझी हिंमत होत नव्हती."