दोन तासांचं विमान आणि जावयाचे दात

धाकट्या,

कुणाला खरं वाटणार नाही, पण तुझ्या या म्हाताऱ्या बापानं काल विमानानं जाऊन जावयाचे चार दात एका ठोशात पाडले. एक तर खिडकीबाहेर उडाला! तुझ्या ताईला घरी आणलंय. त्या नालायकानं तिचा हात पिरगाळून मोडलाय. आत झोपलीय, उठवू नकोस. त्यानं तक्रार केलीय, म्हणून मी चौकीत कबुली द्यायला चाललोय. कुणी विचारलं तर बाबांनीच मारलं म्हण.

थांब, ताई उठलीय. मागून वाचून ओरडतेय, “बाबा, थापा पुरे! इस्त्री हाणून दात मी पाडले, मग तुम्हाला फोन केला. चौकीत मीच सांगणार. विमानाला दोन तास लागतात. तुमचा ठोसा काय तुमच्याआधी पोचला?”