पापणी न लवणारा वर्ग

६ जुलै २०२०, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. सत्तावीस वर्षं भावी शिक्षकांच्या पाठांवर शेरे लिहिले. आता स्वतःबद्दल चार चांगले शब्द लिहायला हरकत नाही.
प्राचार्य हिम्मतरावांचा फोन. लॉकडाऊनमुळे बी.एड. ऑनलाइन. १८ तारखेला खऱ्या मुलांपुढे मी आदर्श पाठ द्यायचा. तो बघून निवृत्तीनंतरची माझी मुदतवाढ ठरणार. म्हणजे ठरलीच.
संकल्प: रविवारपर्यंत झूम पूर्ण आत्मसात.

९ जुलै
आमच्या विद्यार्थिनीचा, शिल्पाचा सराव पाठ पाहिला. बरकतपुऱ्याच्या मराठी शाळेची चौथी, लिटर-मिलिलिटर. तिने सांगितलं, घरातून वाटी आणा. आठही मुलं गायब! पडद्यावर नुसत्या खुर्च्या. मग पाणी, सांडलवंड, आरडाओरडा. एकाची आई किंचाळली, येड्या हौल्या, तुपाची वाटी कायकू घेतलास?
शेरा: वर्गनियंत्रण शून्य. दहापैकी चार.
शिल्पा म्हणाली, पण सर, मुलांना समजलं ना. समजण्याचं काय, मुलांना कशानेही समजतं.

१३ जुलै
रविवार गेला. झूम आत्मसात नाही. आमच्या तारनाक्याला नेटच धड नसतं. स्लाइड्स मात्र बावन्न झाल्या.
बायको सुशीला म्हणाली, अहो, चाळीस मिनिटांत बावन्न? मग मुलं बोलणार कधी?
घरच्यांना अध्यापनशास्त्र समजावता येत नाही.

१८ जुलै, दुपारी १
अभूतपूर्व! त्याच चौथीची आठही मुलं समोर, ताठ, हसतमुख. चाळीस मिनिटं कुणाची पापणी लवली नाही. एकाने तर माझ्या पाठासाठी मुकुट घातला होता.
प्रश्नांना उत्तरं आली नाहीत. भारावली असणार.
शेवटी कुठूनशी एक म्हातारी म्हणाली, अगे, ते कीर्तन अजून चालूच हाय का? बंद कर ना. शेजारचं घर असावं.

२० जुलै
हिम्मतरावांचा फोन. मुलांनी म्हणे आपापले फोटो लावून ठेवले होते आणि आत कॅरम चालला होता. तो मुकुट स्नेहसंमेलनातला.
मुकुट मला खटकलाच होता. पण हुशार मुलं थोडी विक्षिप्त असतात.
मुदतवाढ देतो म्हणाले, फक्त आधी शिल्पा प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवणार आहे, त्या प्रशिक्षणाला दहा दिवस बसा. तिला वर्गात कुणी अनुभवी माणूस हवा असणार.

२७ जुलै, सकाळी ११
प्रशिक्षणाचा पहिला दिवस. मी सोफ्यावर आडवा. पडद्यावर माझा सत्काराचा फोटो: शाल, हातात नारळ, हसतमुख. मुलांकडूनही शिकावं माणसाने.
शिल्पा म्हणाली, सगळ्यांनी घरातून वाटी आणा. सगळे पळाले. पडद्यावर नुसत्या खुर्च्या. आणि मी.
 ती हळूच म्हणाली, सर, नारळ खाली ठेवा आणि वाटी आणा.
आणली.