गवतावर पाऊल

दि. ४ ऑगस्ट

चि. ठमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू आखलेल्या वसाहतीत राहायला येऊन महिना झाला. घर ऐसपैस आहे. शेजारचा कंपाउंडर बुद्धिबळात रोज हरतो आणि रोज येतो. पण मधल्या मैदानात एकही पायवाट आखली नाहीस, हे कसं गं विसरलीस? लोक खुशाल गवत तुडवत होते! चाळीस वर्षं बागेत हेडमाळी होतो मी, डोळ्यांदेखत कसं बघवेल? चारी बाजूंनी दोरी बांधली, पाटी रंगवली आणि शिट्टी घेऊन बसलो. आता एक पातं मोडलेलं दाखव! सगळे मुकाट्यानं रस्त्यानं वळसा घालतात. तुझी चूक निस्तरली, काळजी नसावी.

माया आहेच, पत्रातून येत राहो.
तुझे बाबा

दि. ९ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न.

पत्र वाचून कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसले, मग रडूच आलं. अहो बाबा, वाटा मी मुद्दाम आखल्या नव्हत्या! लोक चालून जिथलं गवत झिजेल तिथंच फरशी घालायची, अशी माझी पद्धत. तीस तारखेला मी वाटा मोजायला येतेय, सोबत वसाहतीची कमिटी. मैदान कुणी वापरत नसेल तर डांबर ओतून गाड्या लावायच्या, असं त्यांचं ठरत आलंय. माझं हे पहिलंच स्वतंत्र काम. कृपा करा, लोकांना गवतावर आणा. मी रागावले नाहीये. थोडीशीच रागावलेय.

औषधं वेळेवर घ्या, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नका.
तुमची ठमी

दि. २० ऑगस्ट

चि. ठमीस, अ. उ. आ.

दोरी सोडली, पाटी पुसली, तरी कुणी पाऊल ठेवेना! दूधवालीला म्हटलं, बाई, गवतावरून जा. ती म्हणाली, काका, दंड लावायचा बेत दिसतोय. कंपाउंडरनं तर ताप आल्याचं सांगितलं. शेवटी मीच चपला काढून उतरलो. पाय उचलेचना गं, चोरी करतोय असं वाटलं! फाटकापासून दुकानापर्यंत रोज वीस खेपा घातल्या. पाचव्या दिवशी कंपाउंडर मागून आला, मग त्याची बायको, मग शाळेतली सगळी पोरं. आता मैदानात गर्दी मावत नाही. गवत मोडताना बघून हात शिट्टीकडे जातो, म्हणून ती ट्रंकेत टाकली.

बापावर लोभ ठेव, बावळट असला तरी.
बाबा

दि. २ सप्टेंबर

चि. ठमीस, अ. उ. आ.

तू गेल्यापासून घर सुनं सुनं वाटतं. कमिटीचे अध्यक्षच गवतावर फतकल मारून बसले आणि डांबराचा ठराव तिथंच मोडीत निघाला, तेव्हा माझी छाती काय फुगली म्हणून सांगू! पण एक गोष्ट तुझ्यासमोर बोलता आली नाही.

तुझी आई दुपारी डबा घेऊन बागेत यायची. गवतावर बसून जेवू या म्हणायची. मी नियम सांगून तिला बाकावर बसवायचो. दरवेळी. काल मी एकटाच डबा घेऊन मैदानात बसलो. फार बरं वाटतं गं. तिला एकदा तरी बसू द्यायला हवं होतं.

येशील तेव्हा दोघांचा डबा आण.
तुझे बाबा