पश्चिमेची भिंत फोडली, अक्का

प्रिय अक्का,

परवा मुलींच्या वसतिगृहाची पश्चिमेची भिंत फोडली. तीच, जी मी तुला न विचारता बांधली होती. तेव्हापासून डोकं शांत नाही. आईला सांगावं तर ती रडेल, बायको म्हणते झालं ते झालं. मग सांगू कुणाला? तू जाऊन सात महिने झाले, तरी साइटवर काही अडलं की माझा हात अजून तुला फोन लावायला जातो.

आर्किटेक्ट व्हायचंय, असं तू भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जाहीर केलंस, तेव्हा आबांनी विचारलं होतं, "म्हणजे इंजिनेरच ना?" तू म्हणालीस, "नाही आबा. घर उभं इंजिनिअर करतो. त्यात माणूस सुखानं बसेल का, ते मी बघणार." इंजिनांच्या शेडमधून तापून आलेले आबा त्या जुन्या क्वार्टरच्या उंच छताखाली दहा मिनिटांत निवायचे. मामाच्या नव्या स्लॅबच्या घरात मात्र त्यांचा जीव घुसमटायचा. असं का, हा तुझा पहिला अभ्यास!

पुण्यातली चांगली नोकरी सोडून धुळ्यात आलीस. लोक मोबाइलवर बंगल्यांचे फोटो घेऊन यायचे आणि तू विचारायचीस, "दुपारी तुमच्या घरात कोण असतं?" माणसं गोंधळायची. मग तू त्यांच्या बायकांना बोलावून घ्यायचीस.

आणि आपल्या वस्तीतलं विहार? "घुमट कुठंय?" म्हणून सगळे रुसले होते. तू छताला फक्त एक फट ठेवली होतीस. पहिल्याच सकाळी वंदनेच्या वेळी त्या फटीतून ऊन बुद्धाच्या खांद्यावर उतरलं. आबा तुला एका शब्दानं शाबास म्हणाले नाहीत. येईल त्याला दंडाला धरून ते ऊन तेवढं दाखवत राहिले.

वसतिगृह तुझं शेवटचं काम. नरडाण्याच्या अलीकडचा तो उघडा माळ, वैशाखातला वारा म्हणजे भट्टीच. तू मागच्या बाजूला, पश्चिमेला विटांची जाळी काढलीस, छताखाली गरम हवा बाहेर पडायला झरोके ठेवलेस. बांधकाम मला दिलंस. "घरचा ठेकेदार आहे, माझी रेष हलवणार नाही," म्हणालीस. काय हा विश्वास, अक्का!

तू उपचाराला नाशिकला होतीस तेव्हा संस्थेचे अध्यक्ष साइटवर आले. "ही जाळी गोठ्यासारखी दिसते. बुजवा. आणि पुढच्या बाजूला सगळी काच लावा." त्यांच्याकडे पुढची दोन कामं होती. मी मान डोलावली. दगाजी मिस्तरी थापी हातात धरून तसाच उभा राहिला. "भाऊ, अक्काले इचारं का?" मी त्याच्यावर ओरडलो.

उद्घाटनाला तू काठी टेकत आलीस. भिंतीवर हात ठेवलास. "बाळू, मला विचारलं का नाहीस?"

"तुला त्रास नको म्हणून," मी म्हणालो.

खोटं होतं ते. तू नाही म्हणशील याची भीती होती. तुला ते कळलं होतं, होय ना? मग भांडली का नाहीस? माझ्याच डब्यातली भाकरी मोडून खाल्लीस आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस. त्या गप्प राहण्याचा राग येतो मला अजून!

गेल्या आठवड्यात वसतिगृहाच्या मॅडमचा फोन आला. एक मुलगी उकाड्यानं चक्कर येऊन पडली होती. मी गेलो. दुपारी तीनला त्यांच्या खोलीत बसलो आणि पाव तासही बसवेना. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही खोली कुणी बांधली?"

"बांधली मी," म्हटलं. "बिघडवलीही मीच."

तिथून थेट अध्यक्षांकडे गेलो. ते चिडले. मी म्हटलं, परवानगी मागायला आलो नाही, सांगायला आलोय. शेवटी ते म्हणाले, "मागचं काय करायचं ते करा. पुढच्या काचेला हात लावायचा नाही."

दगाजीनं पहिला घण घातला. वीट निखळली तशी हवा आत आली, गरमच, पण वाहती. "आते बठ्ठं मोकळं शे," तो म्हणाला. खरंच, ती बाजू सगळी मोकळी झाली होती. मुली टाळ्या वाजवत होत्या. मला तिथं उभं राहवेना. मी गाडीत जाऊन बसलो.

जाळी तुझ्या नकाशाबरहुकूम पुन्हा रचतोय. पण नकाशात त्या भिंतीबाहेर तू पेन्सिलीनं एक गोल काढून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंयस. झाड आहे का ते? पाण्याची टाकी? किती वेळ बघत बसलो. कुणाला विचारू?

अर्धंच काम झालंय, हे मला कळतं. समोरची काच अजून तशीच तापतेय. ती उतरेपर्यंत मी दर सोमवारी अध्यक्षांच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. पुढची कामं गेली तर जाऊ देत. हा माझा तुला शब्द, अक्का.

तुझा,
बाळू