दाराचं भिंग अन् हैद्राबादचे उस्ताद

ति. राजशेखर मामाला शिवलिंगचा शरणार्थ. आधी कबूल करून टाकतो, मग तब्येत विचारतो. दिवाळीत लातूरला तुमच्या दाराचं, बाहेर कोण आलंय ते बघायचं भिंग चोरानं न्हाई काढलं, मी काढलं. (मामी त्या भोकात चिंधी कोंबून शेजाऱ्यावर संशय घ्यायलीय म्हणं, म्हणून सांगतो.) गुडघा कसा हाय? उदगीरला आमी सगळे बरे हावोत.

भिंग कशाला, तर ऐका. मी अन् माझा दोस्त शिवप्रसाद मोंढ्यातल्या धान्य उतरवायच्या सिमेंटच्या ओट्यावर स्केटबोर्ड, म्हंजे चाकाची फळी, खेळायलोत. शिवप्रसाद चित्रकलेच्या कॉलेजात हाय. त्यानं मला परदेशातले जुने व्हिडिओ दावले. त्यात पोरं गोल भिंगातून फुगलेली दिसतेत, चित्र मधीच उलटं होतं, एकच पोरगा तीनदा पडतो, अन् मागं जॅझ वाजत असतं. मी म्हणलं, जॅझ म्हंजे काय रे? तर म्हणला, ठरलेल्या गाण्यातून मधीच सुटायचं, मनाला येईल तिकडं हिंडायचं अन् फिरून गाण्याला येऊन मिळायचं. फळीबी तशीच, उडाल्यावर कुठं उतरंल तिचं तिलाच ठाऊक न्हाई. मी म्हणलं, हे तर आमचा मामा वरातीत करतो, त्याच्यापायीच मारोती मास्तरनं त्याला बँडमधून काढलं. (घोडं बावरलं त्यात तुमची चूक न्हाई, घोडं नवीन होतं.)

दिवाळीत तुमी दार लावून सॅक्सोफोन वाजवत होता, ते मी त्याच भोकाला मोबाइल लावून भरून घेतलं. मग तुमचं भिंग मोबाइलला लावून आमीबी तसाच व्हिडिओ काढला अन् शिवप्रसादनं तुमचं वाजवणं त्याला लावलं. मी सोयाबीनच्या ढिगात पडतो, तुमचा सूर माझ्याआधी पडतो, मग दोघं संगंच उठतो. लई जमलंय. अन् इकडं आई सांगती, तुमी सॅक्सोफोन कपाटावर ठेवला अन् जेवणबी कमी केलं.

काल मास्तरचा फोन आला. मोबाइलवर फिरत आलेला आमचा व्हिडिओ बघून म्हणला, "कोण हाय हा वाजवणारा? आमच्याकडं एक होता, त्याला सूर सोडायचा तेवढा कळायचा, धरायचा न्हाई." माझ्या तोंडून निघून गेलं, हैद्राबादचे उस्ताद हायत. तर म्हणला, "रविवारी औशाच्या लग्नाला आण त्यान्ला." मी हाव म्हणून बसलो.

तुमचा भाचा,
शिवलिंग

ता. क. रविवारी काळा गॉगल लावून या. बोलू नका, नुसतं वाजवा. मास्तर उस्ताद म्हणला की मागं वळून बघू नका, तुमीच ते.

ता. क. मोबाइल मामीकडं असतो म्हणून कागदावर लिहिलं. पण पाकिटंबी मामीच फोडती, हे आता ध्यानात आलं. मामी, वाचतच असाल तर भिंग रविवारी आणून बसवतो. मास्तर बोलला तेवढी ओळ खोडा अन् मगच मामाला द्या. बाकी पाया पडतो, कुणालाच सांगू नका.