सात दिवसांचा रुमाल

दि. ९ फेब्रुवारी, सकाळचे दहा

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत, तूही असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू मजेत नाहीस हे मला फोनवर ऐकू येतं. आणि हे पत्र लाल शाईने चुका काढून परत पाठवू नकोस. मागचं पाठवलंस, ते तुझ्या भावजयीने शेजारीपाजारी दाखवलं. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठून नऊ वर्षं झाली तुला, आता तरी भावाला पास कर.

"कुठे जाऊन बसलास एवढ्या लांब?" असं तू रागाने विचारलंस, त्याचं उत्तर आज सविस्तर देतो.

भावजयीच्या खोकल्यापायी लॉन्ड्री विकून दुसरीकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा ज्याने त्याने याद्या दिल्या. कुठे झाडं जास्त, कुठे पाणी चांगलं, कुठे इस्पितळ जवळ. ते पाहिलंच. पण छत्तीस वर्षं लोकांचे पांढरे कपडे धुतलेला माणूस मी. हवा कशी आहे ते मला कागद वाचून नाही, कॉलर बघून कळतं. म्हणून प्रत्येक गावी लॉजवर उतरलो की स्वच्छ धुतलेला पांढरा रुमाल दिवसभर खिडकीबाहेर टांगायचो आणि दुसऱ्या दिवशी उजेडात भिंग लावून बघायचो. तुझी भावजय अशा वेळी लांब जाऊन उभी राहायची. लोकांना सांगायची, "मी यांना ओळखत नाही."

हे गाव पाहताक्षणी आवडलं होतं. नदीच्या तळाचे गोटे दिसतात, रस्त्याच्या कडेने सावलीतून चालता येतं, मोटारींपेक्षा सायकली जास्त. आणि रुमाल बघतो तर काळाकुट्ट! मी लॉजवाल्याला फैलावर घेतलं. नुसती झाडं लावून काय उपयोग, तुमच्या गावाची हवा बघा, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला खिडकीतून खाली वाकायला सांगितलं. बरोबर खाली त्याच्याच भटारखान्याचं धुराडं होतं. मागच्या गच्चीवर पुन्हा टांगला, तो दोन दिवसांनीही जसाच्या तसा पांढरा. तेव्हापासून गावभर मी 'रुमालवाले'.

वर्ष झालं आता. घर लहान आहे, पण उजेडाचं. भाजी सायकलवरून आणतो. शेजारचे कंपाउंडर ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवतात, आणि माझ्या बादलीत प्लास्टिक सापडलं की माझी शाळा घेतात. तुझं त्यांच्याशी छान जमेल, किंवा अजिबात जमणार नाही. भावजयीचा खोकला कधी थांबला ते आम्हालाही कळलं नाही. गेल्या महिन्यात कपाटात औषधाची बाटली सापडली, अर्धी भरलेली, मुदत संपलेली.

त्या बाटलीनेच मला हे पत्र लिहायला बसवलं.

निघताना तू म्हणालीस, "मला एका शब्दाने विचारलं नाहीस?" मी म्हणालो, तू घर सोडणार नाहीस हे माहीत होतं. ताई, मी खोटं बोललो. तू नाही म्हणशील असं मला वाटलंच नव्हतं. तू हो म्हणशील याची धास्ती होती. तुमचं दोघींचं मिठापासून पडद्यांपर्यंत वाजतं आणि मध्ये मी सापडतो. या वयात घरात शांतता हवी, एवढाच आपमतलबी विचार केला. चांगली हवा हुडकून काढली आणि तुला मात्र बस आगारासमोरच्या घरात ठेवून आलो. माझी पहिली इस्त्री तू घेऊन दिली होतीस. आणि आता फोनवर तू तीन वाक्यांमागे खोकतेस, वर म्हणतेस, "काही नाही रे, धूळ गेली घशात." मला लाज वाटते.

भावजयीला हे सांगितलं. मला वाटलं, ती गप्प बसेल. ती म्हणाली, "वन्सं भांडतात त्या तोंडावर भांडतात. तुम्ही माझ्या खोकल्याआड लपून पळून आलात." आणि पूर्वेच्या खोलीतलं शिवणयंत्र तिने स्वतःच बाहेर ओढलं. खोली तयार आहे. पडदे तेवढे लावलेले नाहीत. रंगावरून भांडायला ती तुझी वाट बघते आहे.

पाकिटात दोन रुमाल आहेत. एक त्या खोलीच्या खिडकीत सात दिवस टांगलेला. दुसरा नुकता धुतलेला. तो तू तुझ्या खिडकीत एकच दिवस टांग, मग दोन्ही टेबलावर शेजारी ठेव आणि चष्मा लावून बघ. निकाल तूच लाव.

वर्षापूर्वी विचारायला हवं होतं, ते आज विचारतो. येतेस?

स्टेशनवर न्यायला येणारा,
तुझा धाकटा