ओळख न पटलेला आवाज

४ जानेवारी, सायं. ६.१०
स्वहस्ते बनवलेल्या वस्तू: छत्रीच्या सोळा काड्यांचा अँटेना. वायरलेस संच (ऐकतो, बोलतोही). पडवीतला तक्ता: कुठला धोका कुठल्या खात्याचा. शिक्षण नववी. गुरू नाही.
आज संचावर शेजारचा बाबली होडीतून बायकोला म्हणाला, "उद्या पावणे येतले. सोळा. मागल्या दारान घेवन येतंय." मागल्या दारानं येणारे पाहुणे कोण, हे मला कुणी शिकवायला नको.

५ जानेवारी
फोन लावले. सागरी पोलीस म्हणाले, माल उतरला तर कस्टम. कस्टम म्हणालं, माणसं ना? मग पोलीस. बारा सागरी मैलांपुढे तटरक्षक. तटरक्षकांनी कुत्सितपणे विचारलं, मैल मोजलेत का? मोजले होते. बाबलीची होडी ११.९ वर. त्यांनी फोन ठेवला. गुप्तवार्तावाले साहेब म्हणाले, आम्ही माहिती घेतो, पकडत नाही. तक्त्यात अक्षरशः हेच आहे. समाधान वाटलं.
सायंकाळी पाहुणे आले. सहा मुलं, व्हीलचेअरवर एक आजीबाई. सोंग उत्तम वठलंय. बाबली हसला, "काकानू, तेंका मासळी खावची आसा. देश नको." व्हीलचेअरचा नंबर टिपला.

११ जानेवारी
आमची दिव्या पोलीस भरतीत निवडली गेली. तीन वर्षं पहाटे पाच-पाच किलोमीटर धावली. आता फक्त चारित्र्य-पडताळणी. हात जोडून म्हणाली, "बाबानू, कागद येयसर संच बंद ठेवा." निश्चय: बंद.
दु. ४.३५. चालू. फक्त ऐकण्यापुरता.
४.५०. तटरक्षकांचं आपसातलं बोलणं: तीन महिने कुणीतरी अनोळखी आवाज मध्येच घुसून बोटींना नाव-गाव विचारतोय. घातकी माणूस! मी तत्काळ मदत देऊ केली. नाव, पत्ता, दारातल्या माडाची खूण, सगळं सांगितलं.

१२ जानेवारी, स. ९.०५
चारही खाती एकत्र. आमच्या अंगणात. हद्दीचा वाद नाही! हा समन्वय माझ्यामुळे. संच नेला, अँटेना नेला. तक्ताही नेला, अभ्यासाला असावा.

२० जानेवारी
वडिलांवर गुन्हा, म्हणून पडताळणी अडली. दिव्या पहाटे उठत नाही. थंडी फार आहे.

२१ जानेवारी
ठाण्यातल्या साहेबांनी दोघांना बोलावलं. माणूस दयाळू. म्हणाले, 'संच म्हणजे खेळणं, कधी चाललाच नाही' एवढं लिहून द्या, पाचशे रुपये दंड भरा. केस बंद, मुलीचा कागद पुढे. दिव्याने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.
संच चालत होता. ११.९ मैलांपर्यंत.
नाकारलं. दंडाचे पाचशे वाचले.